प्रतिमा रुग्णाची, किल्ली कोणाची?

विद्या सर्वांसाठी खुली असावी की मोजक्या हातांत राहावी, हा वाद आपल्याकडे जुना आहे. लखनौपुरते बोलावयाचे झाल्यास, संगीताच्या क्षेत्रात या वादाचा निकाल एका मराठी माणसाने लावून ठेवला आहे. मुंबईचे वकील विष्णु नारायण भातखंडे (१८६०-१९३६) यांनी घराण्याघराण्यांत जपून ठेवलेल्या बंदिशी मोठ्या चिकाटीने मिळविल्या, त्यांच्यासाठी एक सोपी स्वरलिपी सिद्ध केली आणि ‘क्रमिक पुस्तक मालिके’च्या सहा भागांतून त्या छापून काढल्या. त्यांच्याच पुढाकाराने १९२६ साली लखनौत मॅरिस कॉलेज उभे राहिले. आजचे भातखंडे संस्कृती विश्वविद्यालय ते हेच. या कार्याचे दोन भाग पडतात आणि ते वेगवेगळे ओळखावयास हवेत. सर्वांना वाचता येईल अशी एक लिपी मुक्रर करणे, हा पहिला भाग. त्या लिपीतले पुस्तक कोणाही विद्यार्थ्याच्या हाती पडू देणे, हा दुसरा. पहिला भाग होऊन दुसरा राहिला असता, तर घराण्यांचे कुलूप तेवढे बदलले असते. दार उघडले नसते.

आपल्या रुग्णालयांतील प्रतिमांच्या बाबतीत आज नेमके असेच काहीसे होऊ घातले आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. एक्स-रे, सी. टी. स्कॅन, एम. आर. आय., सोनोग्राफी यांनी टिपलेली शरीराची चित्रे आता संगणकात साठविली जातात, आणि ज्या तंत्राने आपण घरबसल्या वृत्तपत्र उघडतो त्याच वेब-तंत्राने ती रुग्णालयाच्या कोणत्याही कक्षात उघडता येतात. ही प्रगती स्वागतार्ह आहे. परंतु प्रतिमा रुग्णालयभर पोचते आणि ज्याच्या शरीराची ती आहे त्याच्यापर्यंत मात्र पोचत नाही, अशी स्थिती असेल तर तिला ‘सामाईक’ म्हणता येईल काय, हा या लेखाचा प्रश्न आहे.

प्रश्न केवळ तात्त्विक नाही, हे चिनहटसारख्या ठिकाणी लवकर ध्यानात येते. लखनौच्या पूर्वेस, अयोध्येकडे जाणाऱ्या रस्त्यावरील हे गाव. ३० जून १८५७ च्या लढाईमुळे इतिहासात आणि मातीच्या भांड्यांमुळे बाजारात ओळखले गेलेले. आता शहराने त्याला पोटात घेतले आहे. येथे सरकारी सामुदायिक आरोग्य केंद्र आहे. थोड्या अंतरावर, गोमतीनगरात, डॉ. राममनोहर लोहिया आयुर्विज्ञान संस्था आहे. जुन्या शहरात चौकाच्या बाजूला, १९०५ साली पायाभरणी झालेले किंग जॉर्ज वैद्यकीय महाविद्यालय आता विद्यापीठ होऊन उभे आहे. आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला, रायबरेली मार्गावर, संजय गांधी पदव्युत्तर आयुर्विज्ञान संस्था आहे. गंभीर दुखण्याच्या रुग्णाला यांपैकी दोन-तीन उंबरठे तरी झिजवावे लागतात. दुखणे कर्करोगाचे असेल तर पुष्पक एक्स्प्रेसने मुंबई गाठून परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाच्या रांगेत उभे राहणारेही थोडे नाहीत. वाराणसीत २०१९ साली टाटा स्मारक केंद्राचेच महामना पंडित मदनमोहन मालवीय कर्करोग केंद्र सुरू झाले, तरी हा ओघ आटलेला नाही. या सगळ्या वाटचालीत रुग्णाच्या नातलगाच्या हातात एक मोठा पिवळा वा पांढरा लिफाफा असतो. त्यात फिल्मा असतात. तो ओला होऊ नये, दुमडू नये, गाडीत विसरू नये, म्हणून सारे घर जपत असते. त्या लिफाफ्यात एक हक्कही असतो, हे सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. फिल्म हातात असेपर्यंत रुग्ण कोणत्याही डॉक्टराच्या दारी जाऊन ‘हे पाहा’ असे म्हणू शकतो.

मग फिल्मच राहू द्यावी, असे कोणी म्हणेल. तसे म्हणता येणार नाही, आणि त्याचे कारण साहित्याच्या अभ्यासकाला चटकन पटण्यासारखे आहे. फिल्म हा मूळ पाठ नव्हे. ते मूळ पाठाचे एक वाचन आहे. सी. टी. स्कॅनच्या एका छेदात साधारणपणे ५१२ ओळी आणि ५१२ स्तंभ असतात, म्हणजे २,६२,१४४ बिंदू. आणि प्रत्येक बिंदू हा एक आकडा असतो. पाण्याला शून्य, हवेला उणे एक हजार, हाडाला शेकड्यांतली धन संख्या, अशी ही मोजपट्टी असून तिला गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांचे नाव आहे. १९७१ साली लंडनमध्ये त्यांच्या यंत्राने पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे चित्र घेतले, आणि १९७९ चे नोबेल पारितोषिक त्यांना व अ‍ॅलन कॉर्मॅक यांना विभागून मिळाले. यंत्र अशा सुमारे चार हजार पायऱ्या नोंदविते; नेहमीच्या पडद्यावर मात्र करड्या रंगाच्या २५६ छटाच दाखविता येतात. म्हणून पाहणाऱ्याला दर वेळी निवड करावी लागते. फुप्फुसाचे जाळे पाहावयाचे तर आकड्यांचा एक पट्टा पसरून घ्यावयाचा, हृदयाभोवतीचे मांसल भाग पाहावयाचे तर दुसरा, हाड पाहावयाचे तर तिसरा. मूळ आकडे हाती असले की हे क्षणात करता येते. फिल्मवर मात्र कोणीतरी आधीच निवडलेला पट्टा कायमचा गोठलेला असतो, आणि शेकडो छेदांतले काही मोजकेच छेद छापलेले असतात. फिल्म खिडकीला धरून तिचा मोबाइलने फोटो काढावयाचा आणि तो व्हॉट्सॲपवर दुसऱ्या डॉक्टराला पाठवावयाचा, हा तर आता सार्वत्रिक रिवाज झाला आहे. म्हणजे मूळ ग्रंथाच्या निवडक पानांच्या छायाप्रतीची पुन्हा छायाप्रत. आणि तिच्या आधारे एखाद्याच्या मेंदूवर वा यकृतावर मत द्यावयाचे.

पाठ मूळ स्वरूपात जावा यासाठी समान लिपी लागते. एका यंत्राने लिहिलेले दुसऱ्या कंपनीच्या संगणकाला वाचता येत नाही, हा अनुभव मराठी वाचकाला नवा नाही. एका फाँटमध्ये टंकलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडताच अगम्य चिन्हांचा खच पडावा, हे आपण वर्षानुवर्षे सोसले. भारतीय लिप्यांसाठी १९९१ साली राष्ट्रीय प्रमाणक ठरले, पुढे युनिकोड रुळले, तेव्हा कुठे हा गोंधळ आवरला. वैद्यकीय प्रतिमांची कथा याच्याशी समांतर आहे. अमेरिकेतील क्ष-किरणतज्ज्ञांची संघटना आणि विद्युत-उपकरणे बनविणाऱ्यांची संघटना यांनी मिळून १९८५ साली पहिले प्रमाणक प्रसिद्ध केले. त्याचेच १९९३ साली ‘डायकॉम’ झाले. डायकॉमच्या धारिकेत चित्राबरोबर रुग्णाचे नाव, तपासणीची तारीख, यंत्राची मांडणी, छेदाची जाडी हे सारे बांधलेले असते, आणि प्रत्येक चित्राला जगात दुसऱ्या कशालाही नसेल असा एक क्रमांक असतो. भातखंड्यांच्या स्वरलिपीचे जे काम, तेच याचे. स्वरलिपीवर जो आक्षेप घेतला जातो तो येथेही घेता येईल, की लिपीत सारे उतरत नाही, गुरूचा गळा गुरूचाच. तो खरा आहे. अनुभवी तज्ज्ञाची नजर कोणत्याही धारिकेत मावत नाही. परंतु लिपीच नसती तर त्या नजरेपुढे ठेवावयास काय उरले असते?

त्याच १९९३ साली, ३० एप्रिल रोजी, जिनिव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेने टिम बर्नर्स-ली यांनी तेथे उभारलेले वेब-तंत्र कोणतेही शुल्क न आकारता सर्वांना खुले केले. प्रतिमांची लिपी आणि ती वाहून नेणारा रस्ता यांचा एकाच वर्षी जन्म व्हावा, हा योगायोगच. पण दोहोंची गाठ पडण्यास दहा वर्षे लागली. तोवर रुग्णालयातील प्रतिमा क्ष-किरण विभागातील खास, महागड्या संगणकांवरच दिसत. वॉर्डातल्या डॉक्टराने जिने उतरून तेथवर जावे किंवा फिल्मची वाट पाहावी, एवढेच त्याच्या हाती. वेबच्या साध्या पत्त्यावरून डायकॉम चित्र मागविण्याची पद्धत २००४ साली आंतरराष्ट्रीय प्रमाणक म्हणून मान्य झाली, आणि चित्र टेबलापाशी येऊ लागले. त्यामागची रीत फारशी गूढ नाही. चित्रे एका मध्यवर्ती सर्व्हरवर राहतात; अतिदक्षता विभागातील, शस्त्रक्रियागृहातील वा बाह्यरुग्ण विभागातील डॉक्टर आपली ओळख पटवून ब्राउझरमधून हवा तो छेद मागवितात; सर्व्हर तेवढाच पाठवितो, आणि कोणी, केव्हा, काय पाहिले याची नोंद ठेवतो. एकच चित्र एकाच वेळी चार जण चार ठिकाणी पाहू शकतात. सर्वांत मोठा लाभ तुलनेचा. सहा महिन्यांपूर्वीची गाठ आणि आजची गाठ शेजारीशेजारी ठेवून मोजता आली, तरच ती वाढली की घटली हे ठरते. मराठीत ‘चिकित्सा’ हा एकच शब्द रोग्यावरील उपचारालाही लावतात आणि ग्रंथाच्या परीक्षणालाही. पुण्याच्या भांडारकर संस्थेने अनेक हस्तलिखिते ताडून सिद्ध केलेल्या महाभारताच्या आवृत्तीला आपण ‘चिकित्सित आवृत्ती’ म्हणतो. जुनी प्रत समोर नसेल तर चिकित्सा ना ग्रंथाची होते, ना रोग्याची.

हे सारे भारताच्या आवाक्यातले नाही, असे म्हणण्यास जागा नाही. लखनौच्या संजय गांधी संस्थेत १९९९ सालीच दूरवैद्यकाचा उपक्रम सुरू झाला. पुढे उपग्रहाच्या साहाय्याने ओडिशातील वैद्यकीय महाविद्यालयांशी तिची जोडणी झाली, आणि दूरवैद्यकाचे शिक्षण देणारे स्वतंत्र विद्यालय त्या आवारात उभे राहिले. पुण्यात १९८८ साली स्थापन झालेल्या प्रगत संगणन विकास केंद्राने डायकॉमवर आधारित साधने प्रोग्राम लिहिणाऱ्यांसाठी तयार केली. भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचे कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत सुरू झालेले कामही याच केंद्रात वाढले. खर्चाची सबबही पूर्वीइतकी सबळ राहिलेली नाही. बेल्जियममधील लिएज येथील विद्यापीठीय रुग्णालयात २०१२ सालापासून विकसित झालेला ‘ऑर्थांक’ हा प्रतिमांचा सर्व्हर कोणालाही विनामूल्य घेता येतो. यंत्रसामग्री, वीज आणि माणसे यांचा खर्च उरतोच. परंतु फिल्मांवर वर्षानुवर्षे होणारा खर्चही त्याच्यासमोर मांडून पाहावयास हवा.

मग अडते कोठे? अडते ते भिंतीपाशी. एका रुग्णालयाच्या आत प्रतिमा वाऱ्यासारखी फिरते. फाटकाबाहेर पडताच ती पांगळी होते. रुग्णाच्या हाती अहवालाचा कागद पडतो, फार तर एक तबकडी. आणि आजच्या बहुतेक नव्या लॅपटॉपना तबकडीची खाचच नसते. पुढच्या रुग्णालयातील डॉक्टराला मूळ चित्रे दिसली नाहीत, तर तो पुन्हा तपासणी सांगतो. त्याला दोष कसा द्यावा? पण या ‘पुन्हा’ची किंमत रुग्ण मोजतो. ती पैशाची असते, खोळंब्याची असते, आणि शरीराचीही असते: छातीच्या एका सी. टी. स्कॅनमध्ये साध्या एक्स-रेच्या कित्येक डझन पटींनी अधिक किरणोत्सर्ग शरीरात जातो. लिफाफ्याच्या काळात रुग्णाच्या हाती अपुरा का होईना, पाठ होता. नव्या व्यवस्थेत पूर्ण पाठ संस्थेकडे राहिला आणि रुग्ण रिकाम्या हाताने बाहेर पडला, तर सुधारणेच्या नावाखाली एक जुना हक्क नकळत काढून घेतला गेला, असेच म्हणावे लागेल.

हक्क हा शब्द येथे सैलपणे वापरलेला नाही. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ सालच्या आचारविषयक विनियमांनुसार, रुग्णाने मागणी केल्यास त्याची वैद्यकीय कागदपत्रे ७२ तासांच्या आत त्याला द्यावी लागतात, आणि दाखल रुग्णांच्या नोंदी तीन वर्षे जतन कराव्या लागतात. विनियमाची भाषा कागदाच्या काळातली आहे. ‘कागदपत्रे’ या शब्दात सी. टी. स्कॅनचे मूळ आकडे येतात की फक्त टंकलेला अहवाल, हे स्पष्टपणे सांगणे आता अगत्याचे झाले आहे. २७ सप्टेंबर २०२१ रोजी देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनने नागरिकाला चौदा अंकी आरोग्य-क्रमांक दिला, आणि त्याच्या संमतीने नोंदी एका संस्थेकडून दुसरीकडे जाण्याची कल्पना मांडली. कल्पना उत्तम आहे. पण अहवालाचा कागद त्या क्रमांकाला जोडला म्हणजे प्रतिमा जोडली गेली, अशी समजूत करून घेणे म्हणजे परीक्षण वाचून ग्रंथ वाचल्याचे समाधान मानणे होय.

याविरुद्ध तीन आक्षेप प्रामुख्याने घेतले जातात. पहिला गोपनीयतेचा, आणि तो हलका नाही. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या संगणकयंत्रणेवर हल्ला झाला आणि कित्येक दिवस तेथील काम पुन्हा कागद-पेनावर आले. ज्याने हे पाहिले तो ‘सारे खुले करा’ असे बेछूटपणे म्हणणार नाही. परंतु त्या घटनेचा बोध नीट घ्यावयास हवा. सर्व प्रती एकाच कोठारात आणि कोठाराच्या किल्ल्या एकाच हाती असल्या, की धोका वाढतो. रुग्णापाशीही आपली अधिकृत प्रत असणे हा सुरक्षिततेवरचा घाला नव्हे. तो तिचा एक आधारच आहे. शिवाय गोपनीयता कोणापासून राखावयाची? ती रुग्णासाठी असते. खुद्द रुग्णापासून नसते. आणि आज व्हॉट्सॲपवरून नावानिशी फिरणारे फोटो पाहिले, म्हणजे अधिकृत वाट बंद ठेवल्याने गुपिते सुरक्षित राहतात हा समज किती भाबडा आहे ते दिसून येते.

दुसरा आक्षेप असा की, सामान्य माणसाला ही चित्रे कळत नाहीत. ती देऊन काय उपयोग? वस्तुतः फिल्मही त्याला कळत नव्हती. जमिनीचा सातबारा वाचता न येणारा शेतकरीही तो पेटीत जपून ठेवतो, कारण जो वाचू शकतो त्याच्यापुढे तो ठेवण्याचा अधिकार त्याला गमवावयाचा नसतो. तिसरा आक्षेप सहसा उघडपणे बोलला जात नाही: प्रतिमा बाहेर गेली की दुसरा तज्ज्ञ ती तपासणार, मतभेद होणार, प्रसंगी चूक उघडी पडणार. हा घराण्यांचाच जुना युक्तिवाद आहे. आपली बंदिश दुसऱ्याच्या हाती गेली तर तो ती बिघडवील, ही भीती सर्वस्वी खोटी नव्हती. तरी बंदिशी खुल्या झाल्याने संगीत बुडाले नाही. दुसऱ्या नजरेला भिणारे वैद्यक रुग्णाच्या विश्वासाला फार काळ पात्र राहत नाही.

तेव्हा मागणी करावयाची ती मोजकीच, पण निःसंदिग्ध असावी. ज्या रुग्णालयात प्रतिमा संगणकावर साठविल्या जातात, तेथे रुग्णाला घरी सोडताना अहवालाबरोबरच मूळ डायकॉम प्रतिमा उघडण्याचा मुदतबंद, संमतीने चालणारा वेब-पत्ता द्यावा. ज्यांच्याकडे इंटरनेटची सोय नाही, त्यांना त्या एखाद्या टिकाऊ साधनावर द्याव्यात. दुसऱ्या सार्वजनिक रुग्णालयातील डॉक्टराला रुग्णाच्या परवानगीने त्या तत्काळ दिसाव्यात. चिनहटच्या रहिवाशाला लखनौच्या एका संस्थेतून दुसऱ्या संस्थेत जाताना आपली छाती दुसऱ्यांदा यंत्राखाली घालावी लागू नये. आणि अहवालाच्या शेवटी चार ओळींचा का होईना, रुग्णाच्या भाषेत सारांश असावा. हे शेवटचे काम डॉक्टरांचे एकट्याचे नाही. महाराष्ट्रात भाषा संचालनालयाने वैद्यकाच्या काही शाखांचे परिभाषा कोश काढले. पण कोशातील संज्ञा आणि रुग्णाच्या तोंडचा शब्द यांतले अंतर तुटलेले नाही. ‘गाठ’, ‘डाग’, ‘सूज’, ‘पाणी झाले आहे’ हे शब्द लोकांना कळतात. त्यांना नेमकेपणा कसा द्यावा, हा हिंदी, मराठी, उर्दू अशा सर्वच भाषांच्या विद्यापीठीय विभागांचा विषय आहे. त्यांनी तो वैद्यकीय महाविद्यालयांच्या जोडीने हाती घ्यावा.

विल्हेल्म राँटगेन यांनी ८ नोव्हेंबर १८९५ रोजी क्ष-किरणांचा शोध लावला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्यांनी आपल्या पत्नीच्या हाताचे छायाचित्र घेतले: बोटांची हाडे आणि त्यांवरील अंगठी. १ जानेवारी १८९६ रोजी आपल्या निबंधाबरोबर त्यांनी अशी छायाचित्रे टपालाने सहकाऱ्यांना धाडली. शोधाचे पेटंटही त्यांनी घेतले नाही. म्हणजे वैद्यकीय प्रतिमा जन्मली तीच दुसऱ्यास दाखविण्यासाठी. सव्वाशे वर्षांहून अधिक काळानंतर तिच्या प्रवासास टपालाची गरज उरलेली नाही. काही क्षणांत ती लखनौहून परळला पोचू शकते. तिला अडविणारी भिंत तंत्राची नाही, आणि म्हणूनच ती पाडण्याची जबाबदारी केवळ तंत्रज्ञांवर सोपवून आपणा इतरांना मोकळे होता येणार नाही.